आतोबांची छत्री आणि आत्याचं स्टेशन

माझ्या हातून या जन्मात दोनच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या दोन्ही मिळून एका मालडब्यात मावतील. मी झाशीला रेल्वेच्या इंजिनिअरिंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. तेहतीस वर्षं गँगमनची क्वार्टर्स, मोऱ्या, प्लॅटफॉर्मचे उतार आणि थर्ड क्लासच्या मुताऱ्या काढल्या. त्या सगळ्यांवर सही साहेबांची. माझं नाव कोपऱ्यातल्या चौकटीत, मुंगीएवढ्या अक्षरात. या दोन इमारतींवर तेवढंही नाही. पण त्या माझ्या आहेत, आणि त्यांच्यापायी माझं किती रक्त आटलं ते माझं मला माहीत.

त्याचं असं झालं. चौसष्ट साली आमच्या आत्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा वामनराव, रिटायर्ड स्टेशनमास्तर, मूळचे पाचोऱ्याकडचे. आत्या आमच्या घराण्यातली, म्हणजे दोनशे वर्षं झाशीत मुरलेली. आमचे पूर्वज मराठ्यांच्या सुभेदाराबरोबर कारकुनी करायला इथे आले आणि इथलेच झाले; आतोबांसारख्यांना रेल्वेनं आणून सोडलं. आम्ही त्यांना 'प्लॅटफॉर्मवरची मंडळी' म्हणतो, अर्थात ती मंडळी उठून गेल्यावर. ते आमच्या मराठीला नावं ठेवतात, तेही तोंडावर. आत्या म्हणाली, "जरा कटोरी सरकवा," की आतोबा म्हणणार, "वाटी." मग ती पुन्हा कटोरीच म्हणायची, दुप्पट जोरात. असा त्यांचा पन्नास वर्षांचा संसार.

मूलबाळ नव्हतं. जेवणावळीऐवजी गावाला एक पाणपोई बांधून द्यावी, असं दोघांनी ठरवलं. ओरछा गेट या जुन्या वेशीच्या बाहेर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, कडुलिंबाखाली आत्याला माहेरकडून मिळालेली जमिनीची एकेक पट्टी होती. तिथे बांधायची, अक्षय्य तृतीयेला सुरू करायची. इथपर्यंत एकमत झालं. बहुधा पहिलंच. मग ती दिसावी कशी, हा प्रश्न निघाला.

"उघडं वीटकाम," आतोबा म्हणाले. "सरळ रेषा. वर पत्रा, पत्र्याला लाकडी झालर."

"म्हणजे स्टेशन," आत्या म्हणाली.

"स्टेशनात काय वाईट आहे?"

"मी आयुष्य काढलं स्टेशनात. आता मला छत्री हवी. ओरछ्याला बेतवेच्या काठी आहेत ना, तशी. वर घुमट, खाली महिरपी, कमळं, पोपट."

"त्या मेलेल्या राजांच्या आहेत."

"मग? जिवंतपणी कोण तुम्हाला राजा म्हणणार आहे?"

हे तीन आठवडे चाललं. ऑफिस सुटलं की मला बोलावणं यायचं. मी कागद पसरायचा, दोघं दोन टोकांनी तो ओढायचे आणि माझं मत सोडून सगळ्यांची मतं विचारात घेतली जायची, त्यात दूधवाल्या भैयाचंही. एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी पट्टी आपटली आणि ओरडलो, "दोन बांधा मग! समोरासमोर! एक स्टेशन, एक छत्री, आणि मला सोडा!"

दोघंही कागदाची टोकं सोडून मागे सरली. मग एकमेकांकडे न बघता म्हणाली, "चालेल." माझ्या संतापाचा असा उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

पण आत्या एवढ्यावर थांबणारी नव्हे. "एक अट," ती म्हणाली. "तुमच्या नावाची छत्री मी बांधणार. माझ्या नावाचं काय ते तुम्ही बांधा. आणि उद्घाटनापर्यंत एकमेकांचं बघायचं नाही."

"मंजूर," आतोबा म्हणाले. त्यांच्या तोंडी हा शब्द आला की ती गोष्ट रजिस्टरात चढली असं समजायचं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नकाशे काढणारा एकच होता. माझीही एक अट मी त्यांच्या गळी उतरवली: दोन्हींची जोती एका पातळीत आणि माथे एका उंचीत. जोड म्हणजे जोड. लुगडं वेगळं असू दे, मान एका रेषेत हवी.

दुसऱ्या दिवशी आतोबा बाजारात गेल्याचं बघून आत्यानं मला स्वयंपाकघरात बसवलं आणि पोळपाटावर पीठ पसरून त्यात बोटानं छत्री काढून दाखवली. "हा घुमट असा वर जातो, मग जरा लाजतो, मग आत वळतो."

"लाजतो म्हणजे किती इंच?"

"इंच तू बघ. लाजतो हे मी सांगितलं."

मग पोपट आले. आधी चार, चार कोपऱ्यांना. मग महिरपींवर जोड्या. मग कमळांच्या मधे एकेक. तेविसाव्या पोपटाला मी पेन्सिल खाली ठेवली. "आत्या, ही आतोबांच्या नावाची पाणपोई आहे. पाखरांची नाही."

आत्यानं पीठ झटकलं. "श्रीकृष्णा, नऊ क्वार्टर्स बदलली मी. ललितपूर, उरई, मोठ, सगळीकडे तोच पिवळा चुना आणि दारावर नंबर. एका भिंतीत मला या माणसानं खिळा ठोकू दिला नाही. 'रेल्वेची मालमत्ता आहे!' देवाची तसबीर खुर्चीवर बसवून पूजा केली मी. आता त्यांच्या नावाच्या भिंतीवर मला हवं ते लागणार."

याला सूड म्हणावं की संसार, मला कळेना. मी तेवीस पोपट मुकाट्यानं काढले.

उठायला लागलो तेव्हा तिनं मला थांबवलं. आवाज खाली आणला. "माझ्या पाटीवर ते काय लिहितात ते बघशील? पण सांगायचं काही नाही. नुसतं बघायचं."

"काय लिहायला हवं?"

"सिंधू," आत्या म्हणाली.

आत्याचं माहेरचं नाव सिंधू. लग्नात आतोबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'दुर्गा' लिहिलं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. आपली रीतच आहे ती, त्यात कुणी काही वावगं मानत नाही. शिवाय माहेरी ती सिंधूच राहिली. पण माहेरची माणसं एकेक करून गेली. शेवटी उरले होते माझे वडील, तिचा थोरला भाऊ बापूराव. ते गेले त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. आम्हा धाकट्यांची ती आत्या, बाहेरच्यांची ती बाई, पत्रिकांवर सौ. दुर्गाबाई, आणि आतोबांची नुसती 'अगं'.

"ती हाक मारणारं माणूसच उरलं नाही रे," ती म्हणाली. "पाटीवरही दुर्गाच राहिली, तर सिंधू म्हणून कुणी होती हे माझ्यामागं कोणाला कळणार?"

"मग सरळ सांग ना त्यांना."

"सांगितलं की लिहितील. वरून हुकूम आल्यासारखे लिहितील. तसं नको. त्यांना आपणहून आठवायला हवं."

आणि तिनं मला देव्हाऱ्यासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली की मी एक अक्षर बोलणार नाही. मला अगदी गलबलून आलं. मला गलबलून आलं की राग येतो, त्यामुळे घरी जाऊन मी उषावर, म्हणजे बायकोवर, उगाच खेकसलो.

आतोबांचं काम वेगळं होतं. त्यांनी नकाशा स्वतःच काढून ठेवला होता, जुन्या टाइमटेबलच्या पाठकोऱ्या कागदांवर, फूटपट्टीनं. विटांचा प्रत्येक थर मोजलेला. खांब म्हणून जुन्या रुळांचे तुकडे. टेकायला पाठ असलेलं बाक. घंटा म्हणून रुळाचाच एक तुकडा टांगलेला. पाण्याचे रांजण सावलीत, उत्तरेकडे. खरं सांगायचं तर काम चोख होतं, आणि ते माझं नव्हतं म्हणून मला जरा लागलंच. सगळ्याच्या वर पिवळी पाटी, काळी अक्षरं, तीन लिप्यांत.

"पुतळ्याकडे कोण बघतं?" आतोबा म्हणाले. "पण स्टेशनची पाटी वाचल्याशिवाय माणूस खाली उतरत नाही. याहून मोठा मान मला तरी माहीत नाही."

"आणि पाटीवर काय?"

"दुर्गा."

"बस?"

"आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची."

"आतोबा, आत्याच्या पाटीवर उंची?"

"प्रत्येक पाटीवर असते. तिच्या एकटीसाठी नियम मोडू?"

शपथेत बोलायचं नव्हतं. सुचवायचं नाही असं कुठे म्हटलं होतं? मी म्हणालो, "काही स्टेशनांची आधीची नावं वेगळी असतात, नाही का?" यावर आतोबांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. नाव बदलणं म्हणजे शुद्ध मनस्ताप, दहा-दहा वर्षं पार्सलं जुन्या नावानं येत राहतात, तिकिटं नव्यानं छापावी लागतात. "आणि त्या जुन्या नावाचं काय होतं?" मी विचारलं. "काय व्हायचंय? लाल शाईनं रेघ." मी जीभ चावली. दोन दिवसांनी मी शाळेचा एक नकाशासंग्रह त्यांच्या टेबलावर सिंधू नदीच्या पानाशी उघडा ठेवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं, "फाळणीत गेली बहुतेक सगळी," म्हणाले आणि पुस्तक मिटलं. मी हात टेकले.

बांधायला एरचचा म्हातारा मिस्त्री आणला. घुमट वळवणारे हात आता तेवढेच उरलेत, असं तो स्वतःच सांगायचा. दोन्ही कामं त्याच्याकडे. सकाळी छत्री, दुपारी स्टेशन. "बाबूजी," तो मला म्हणाला, "एक हाथ से कवित्त लिखवा रहे हो और दूसरे से अर्जी." दोन्हीभोवती बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा. संध्याकाळी आत्या आणि आतोबा फेरी मारायला यायचे. हे स्टेशनच्या आडोशात शिरायचे, ती छत्रीच्या, आणि बाहेर आल्यावर दोघंही आभाळाकडे बघत घरी जायचे. पुढे घुमट तट्ट्यांच्या वर निघाला, पांढराशुभ्र, चांगला लाजलेला. आतोबा तो दिसू नये म्हणून मान खाली घालून चालायला लागले.

अक्षय्य तृतीया दोन आठवड्यांवर आली असताना मिस्त्री सकाळीच घरी आला. हातात लग्नाची पत्रिका, हळदीनं माखलेली, वर अक्षता आणि सुपारी. छत्रीच्या चौथऱ्यावर, तट्टीच्या खालून कुणीतरी सरकवून गेलं होतं. पत्रिकेवर नाव होतं लाला हरदौल जू यांचं.

आमच्या बुंदेलखंडात गावोगाव हरदौलांचा चौथरा असतो आणि लग्नाचं पहिलं आमंत्रण तिथे जातं. ओरछ्याचा हा राजपुत्र मेल्यानंतरही भाचीच्या लग्नाला आला आणि पंगतीत वाढून गेला, असं इथली माणसं सांगतात. आम्ही जुने मराठीही ते पाळतो. प्लॅटफॉर्मवरच्या मंडळींना त्याचा पत्ता नसतो. पत्रिकेवर पत्ता मोठचा होता. तिथली कुणी मंडळी खरेदीला गेटपाशी आली असणार; नवा पांढरा घुमट, तट्टीच्या फटीतून चौथरा, दिव्याचा कोनाडा बघून नमस्कार करून पत्रिका ठेवून गेली.

"चुकीच्या स्टेशनवर उतरलेलं पार्सल आहे," आतोबा म्हणाले. "मालकाला परत पोचवलं पाहिजे."

"आमंत्रण परत करतात होय?" आत्या उसळली. "ज्याच्या चौथऱ्यावर आलं त्यानं जायचं. आणि रिकाम्या हातानं नाही." तिनं कपाटातून एक कोरी साडी काढून त्यांच्या हातात ठेवली. "पण म्हणजे माझ्या चौथऱ्यावर..." आतोबा बोलायला लागले आणि थांबले, कारण बघायचं नाही असं ठरलं होतं.

म्हणून मी आणि आतोबा बसनं मोठला गेलो. भर उन्हाळ्यात आतोबांनी स्टेशनमास्तरचा काळा कोट घातला होता. पार्सल परत करणं हे सरकारी काम. वधूपिता धान्याचा आडत्या, सज्जन माणूस. आतोबांनी पत्रिका पुढे धरली आणि आपल्या इस्त्रीच्या हिंदीत म्हणाले, "यह निमंत्रण त्रुटिवश हमारे यहाँ उतर गया."

त्या माणसानं पत्रिका ओळखली. समोरचा उंच म्हातारा, पांढऱ्या मिशा, हातात साडी. त्यानं हात जोडले. "आप हरदौल जू के चौंतरा से आए हो?"

आतोबा जन्मात खोटं बोलले नाहीत. "चौथरा तो मेरे ही नाम का है," ते म्हणाले.

झालं. त्यानं पायांवर लोटांगणच घातलं. मांडवातली पंगत थांबवली गेली, आतोबांना पाटावर बसवलं, आणि ते पहिला घास घेईपर्यंत दोनशे माणसं हात जोडून उभी. आतोबा समजावू लागले की वाढणारे आणखी एक पुरी टाकायचे. "श्रीकृष्ण," ते माझ्या कानात पुटपुटले, "हे मला देव समजताहेत. हिनं तिकडे बांधलंय तरी काय?" मी म्हणालो, "बघायचं नाही ठरलंय." अकराव्या पुरीला त्यांनी देवपण पत्करलं.

निघताना नवरीला पाया पडायला आणलं. आतोबांनी साडी तिच्या ओंजळीत दिली आणि आपल्याकडचे वडीलधारे विचारतात तसं सहज विचारलं, "नया नाम क्या रखा बिटिया का?"

कुणाला कळेना. "नया नाम?"

"शादी के बाद का. ससुराल का नाम."

बायकांत खसखस पिकली. आडत्या बुचकळ्यात पडला. "नाम काहे बदलहैं, महाराज? बिटिया चोरी करकें भाग रई है का?"

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "नाम तो वोई रैहै. हाँ, बुलाहै कोऊ नईं. एरच में सब मोंठवारी कैहैं." म्हणजे सासरी, एरचला, तिला सगळे 'मोठवाली' म्हणणार. यावर सगळे हसले. घुंघटाखालची नवरीही हसली. आतोबा हसले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मांडीवर लाडवांची टोपली घेऊन ते बसले होते. चिरगाव गेलं. मग म्हणाले, "आपल्याकडे का बदलतात रे?"

"रीत आहे."

"रीत आहे, मान्य. मुलीला विचारतात का?"

"बारा वर्षांच्या पोरीला काय विचारणार?"

"हं," आतोबा म्हणाले. झाशी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता तरी! माझ्या जिभेवर ते नाव नाचत होतं. पण शपथ होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात निरोप आला: पाटी नुसती पिवळी रंगवून टाक, अक्षरं नकोत. मी धावत गेलो. "काहीच लिहायचं नाही?"

"उंची राहू दे."

"आतोबा, नुसत्या उंचीला काय अर्थ आहे? काहीतरी लिहा. दुर्गा तरी लिहा!"

"तुला रे काय त्याचं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला काय सांगता येणार होतं? मी मनाशी धरलं की मोठला लोक हसले म्हणून म्हातारा बिचकला, आणि चारचौघांत बायकोचं नाव लिहिण्यापेक्षा ते टाकून मोकळा झाला. उषाला म्हटलं, "पन्नास वर्षांत या माणसानं एक गोष्ट धड केली नाही." ती म्हणाली, "तुम्ही माझं नाव शेवटचं कधी घेतलंत?" मी जेवायला बसलो.

अक्षय्य तृतीयेला सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. गेटबाहेर चांगली गर्दी जमली. जुनी घराणी छत्रीच्या बाजूला, रेल्वेवाले स्टेशनच्या बाजूला, मधे रस्ता, रस्त्यावर खोळंबलेले दोन टांगे आणि फुकटची करमणूक बघणारं अर्धं ओरछा गेट. रांजण भरलेले, वाळ्याचा वास सुटलेला.

आधी छत्रीच्या तट्ट्या काढल्या. आमच्या बाजूनं 'वाहवा' झाली. घुमट, महिरपी, कमळं, आणि जिथे म्हणून जागा मिळाली तिथे हिरवेगार पोपट, लाल चोचींचे. मधे 'वामनराव' असं वेलबुट्टीत. आतोबा सावकाश एक फेरी मारून आले. ते मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. मग एका पोपटावर त्यांनी हात ठेवला.

"एवढे खिळे ठोकायचे होते तुला?" ते म्हणाले.

"तेवीसच," आत्या म्हणाली. आणि मग घाईघाईनं डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं.

मग मंडळी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तट्ट्या खाली आल्या. लालभडक विटा, एकही रेघ वाकडी नाही, रुळांचे काळे खांब, झालर. रेल्वेवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या मधेच विरल्या. पिवळीधमक पाटी कोरी होती. तळाशी तेवढी समुद्रसपाटीपासूनची उंची, तीन लिप्यांत, माझ्याच हातची.

"लो, मास्साब नाम लिखना ही भूल गए!" टांग्यावरून कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला.

आत्या पाटीकडे बघत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू मिटत गेलं. "उंची बरी आठवली," ती एवढंच म्हणाली, आणि मागे वळली. त्या क्षणी मला आतोबांना उचलून रांजणात बुडवावंसं वाटलं. शपथ गेली खड्ड्यात, आता सांगूनच टाकतो, म्हणून मी तोंड उघडलंही.

"थांब," आतोबा म्हणाले. मला नव्हे, तिला. त्यांनी मिस्त्रीला खूण केली. मिस्त्रीनं बाकामागून एक स्टूल आणि काळ्या रंगाचा डबा काढला. आतोबांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेला नवा ब्रश काढला.

"स्टेशनचं नाव स्टेशनमास्तर ठरवत नाही," ते ड्यूटीवरच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग ते तिच्याकडे वळले. "मी एकदा ठरवलं होतं. तांदळात. तुला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. आता तू लिही. तुला हवं ते. दुर्गा हवं तर दुर्गा."

आत्यानं ब्रशकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती काहीतरी टोचून बोलणार, तशी संधी तिनं कधी सोडली नव्हती. पण नाही. तिनं नऊवारीचा पदर खोचला, मिस्त्रीच्या खांद्याचा आधार घेतला आणि स्टुलावर चढली. बासष्ट वर्षांची बाई, रंग ओघळत होता. माझ्या हातची अक्षरं असती तर काटकोनात आली असती. ही वेडीवाकडी, एक मोठं, एक लहान, शाळेतल्या पाटीवर काढतात तशी येत होती. गर्दीत कुणी हसलं नाही.

मिस्त्रीला वाचता येत नव्हतं. तो स्टूल धरून वर बघत होता. "का लिखो बाई ने, मास्साब?"

आतोबांनी टोपी काढली. पन्नास वर्षांत चारचौघांत काय, घरातही बायकोला त्यांनी कुठल्याच नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ते खाकरले.

"सिंधू," ते म्हणाले.

आत्या पाठमोरी, शेवटचा ऊकार भरत होती. ती वळली नाही.

"सिंधू," आतोबा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

आता तिचा हात थांबला. तिनं मान वळवली, पण आतोबांकडे नाही. ती गेटाकडे बघायला लागली, माणसांच्या डोक्यांवरून, माहेरचं कोण आलंय ते शोधत.

आतोबा स्टुलापाशी गेले, खालून तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, आणि तिसऱ्यांदा म्हणाले. तेव्हा आत्यानं ओ दिली.